वाटेवर भेटेल तो आपला : श्री गाडगेबाबांचे चरित्र

॥ राम कृष्ण हरि ॥

भाविकहो, या शताब्दी अंकात संतचरित्रं घ्यायची असं ठरलं, तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पाठोपाठ गाडगेबाबांचं नाव आपसूक पुढं आलं. तसं पाहिलं तर बाबा कुठल्या फडाचे नव्हते. त्यांच्या नावाची पालखी नव्हती, रथापुढं किंवा रथामागं त्यांचा नंबर नव्हता, गादी नव्हती. पण पायी चालावं, वाटेत भेटेल त्याला आपलं म्हणावं, त्याच्या सुखदुःखाचे दोन शब्द ऐकावेत, हा जो वारीचा धर्म, तो बाबांनी पन्नास वर्षांवर पाळला. आपली वारी वर्षातून अठरा-वीस दिवसांची. बाबांची बारमाही. आपली दिंडी पहिल्यांदा निघाली त्या सुमारास बाबा पन्नाशीला टेकले होते आणि पंढरीच्या वाळवंटात त्यांचा खराटा चालू होता. म्हणून त्यांचं चरित्र आम्ही इथं सांगतो आहोत, आणि तेही त्यांच्या चालण्या-बोलण्याच्या अंगानं.

बाबांचं मूळ नाव डेबूजी, आडनाव जाणोरकर. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई. वडिलांना दारूनं लवकर नेलं. पोर लहान, घरात काही उरलेलं नाही, तेव्हा सखुबाई लेकराला पोटाशी धरून माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामांकडं डेबूजी गुरं राखायला लागला. दिवसा गुरांमागं, रात्री गुराखी पोरांना जमवून भजन. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. पण रानातल्या वाटेनं जाणारा-येणारा भेटला की तो कुठला, कुठं चालला, ही चौकशी करायची सवय गुराख्याला असतेच. ती सवय बाबांना जन्मभर पुरली.

अंगात कष्ट होते. डेबूजीनं मामांची शेती नावारूपाला आणली. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली तेव्हा रिवाजाप्रमाणं बारशाला दारू-मटण व्हायला पाहिजे होतं. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद कुरकुरले, पण ज्या दारूनं आपला बाप नेला ती आपल्या लेकीच्या बारशाला आणायची नाही, एवढं त्याच्या मनानं घेतलं होतं.

पुढं मामांची पिकाऊ जमीन सावकाराच्या घशात गेली. लिहितावाचता येत नव्हतं, कागदावर काय लिहिलंय ते कळत नव्हतं आणि अंगठा उठवला होता. त्या धक्क्यानं मामा गेले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजीनं नांगर सोडला नाही, तो शेतात पाय रोवून उभा राहिला. भाविकहो, इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. पुढच्या आयुष्यात बाबा ज्याला त्याला दोन प्रश्न हटकून विचारत. एक, पोरं शाळेत जातात का. दुसरा, डोक्यावर कर्ज किती. हे प्रश्न पोथीतून आलेले नव्हते. बापाची दारू आणि मामाचा अंगठा, या दोन जखमांतून ते आले होते.

१ फेब्रुवारी १९०५. रात्र अजून सरली नव्हती. आई, बायको, लेकरं घरात असताना डेबूजी बाहेर पडला. अंगावर फाटकं वस्त्र, हातात काठी आणि मातीचं गाडगं. तेच गाडगं पाणी प्यायला, तेच भाकरी घ्यायला, आणि उन्हापावसात तेच डोक्यावर. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. ज्या गावात गेला त्या गावानं आपल्या मनानं नाव ठेवलं. कुणी गोधडेबुवा म्हणालं, कुणी चिंधेबुवा, कुणी लोटके महाराज, कुणी वट्टीसाधू. गाडगेबाबा हे नावही लोकांनीच दिलेलं. स्वतःचं नाव सांगायची त्यांना घाई नव्हती.

या वेशाचा एक गुण होता. अशा माणसाला कुणी भीत नाही आणि कुणी मानही देत नाही. पोरं खडे मारत, कुत्री अंगावर येत, कुणी वेडा म्हणे, कुणी चोर समजून हाकलून देई. बाबा हे सगळं पाहून घेत. भगव्या कपड्यातल्या बुवाशी माणूस हात जोडून, जपून बोलतो. चिंध्या घातलेल्या वाटसरूशी तो जसा आहे तसा बोलतो. बाबांना माणूस जसा आहे तसाच भेटायला हवा होता.

त्यांची रीत अशी. वाटेनं जाताना शेतात कुणी कामात दिसला की बाबा न विचारता हाताला हात लावत. गवत कापायचं असेल तर कापू लागत, लाकडं फोडायची असतील तर कुऱ्हाड घेत. काम चालू झालं की बोलणं आपोआप चालू होई. घरात माणसं किती, पीक कसं आहे, लेकरं काय करतात. कष्टात भागी झालेल्या माणसापाशी शेतकरी मन मोकळं करी. मग तो भाकर देऊ करी. बाबा ती गाडग्यात घेत, चटणीबरोबर खात, आणि नाव-गाव विचारायच्या आत पुढच्या वाटेला लागत. फुकटची भाकर नाही आणि उपकाराचं ओझंही नाही. मागं राहिलेल्या माणसाला वाटे, कोण होता हा? चार घटका आला आणि घरचा होऊन गेला.

गावात शिरायचं तरी तसंच. आधी खराटा हातात घ्यायचा आणि रस्ता झाडायला लागायचं. गटार तुंबलेलं असेल तर ते मोकळं करायचं. लोक जमत, पाहत, हसत. हसता हसता एखादा विचारी की कुठून आलास, कुणी सांगितलंय हे करायला? तिथून गोष्टी निघत. मग गावातलाच कुणी तरणा पोरगा लाजून का होईना, झाडू घेई. संध्याकाळी कीर्तन. दिवसभर हातानं झाडलेलं असे, रात्री तोंडानं मनं झाडायची.

त्यांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते सांगत की हे कीर्तन वाटावंच ना, गप्पाच वाटत. टाळ-मृदंगाचा थाट नाही, जवळ पोथी नाही. साधी वऱ्हाडी बोली. बाबा प्रश्न टाकत आणि हजारो लोक एका आवाजात उत्तर देत. सावकाराचं व्याज कसं वाढतं, हे तेच लोकांकडून वदवून घेत. नवसाला बकरं कापलं तर देव खातो की आपण, हे विचारत, आणि लोक हसत हसत स्वतःच कबूल करत. कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, सण करू नका, हे ते आवर्जून सांगत. घरातलं ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा आग्रह. तुकोबांचे अभंग ओठावर असत, पण सांगण्यातला दाखला मात्र काल वाटेत भेटलेल्या माणसाचा असे. एका गावच्या शेतकऱ्याचं दुःख दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याला ऐकायला मिळे आणि तो मान डोलावी, कारण ते त्याचंही दुःख असे.

नदीच्या घाटावरची एक गोष्ट कीर्तनकार मंडळी बाबांच्या नावानं सांगतात. काही लोक पितरांना पाणी देत उभे होते. बाबा पाण्यात उतरले आणि ओंजळीनं काठाकडं पाणी उडवायला लागले. लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की वऱ्हाडातल्या आपल्या शेताला पाणी देतोय. लोक हसले, एवढ्या लांब पाणी जाईल कसं म्हणाले. बाबांनी शांतपणे विचारलं की वऱ्हाड तर याच पृथ्वीवर आहे, तिथं पोचत नाही तर पितरांपर्यंत कसं पोचतं. गोष्टीत कुणी चिडलेलं नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. टोचणारा प्रश्न विचारूनही समोरचा हसत राहावा, ही विद्या सोपी नाही. ज्याच्या बोलण्यात माया असते त्यालाच ती साधते.

दुसरी गोष्ट अशी सांगतात. एका गावी बाबांचं कीर्तन ठरलं होतं. लोक वाट पाहत होते आणि दाराशी जिथं पायताणं काढलेली होती तिथं एक चिंध्यावाला बसला होता. व्यवस्थेतल्या माणसांनी त्याला दोनदा उठवलं. कीर्तनाची वेळ झाली तेव्हा तोच उठून उभा राहिला. गोष्ट ऐकून आपण हसतो, पण प्रश्न आपल्यालाही आहे. महाराज म्हणून ओळखल्यावर मान सगळेच देतात. ओळखायच्या आधी काय दिलं, ते बाबा पाहत होते.

आता पंढरीचं सांगू. आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरपुरात असत. त्या काळी यात्रा म्हटली की पटकीचं भय पाठीशी लागलेलं असे. लाखांनी माणसं, पाणी तेच, घाण तिथंच. वारीहून पटकी गावोगाव पोचे आणि घरंच्या घरं बसत. लोक दर्शनाच्या बारीत असत तेव्हा बाबा वाळवंट झाडत, यात्रेकरूंची घाण उचलत. देवळात ते जात नसत. देव माणसांत आहे असं सांगायचे आणि सांगितल्यासारखं वागायचे. मंडळी, आपल्या दिंडीतली जुनी माणसं चंद्रभागेच्या वाटेवर घाण दिसली की आधी बाबांचं नाव काढायची, मग खराटा शोधायची. ती शिकवण तिथूनच आलेली.

झाडता झाडता बाबांचं लक्ष कुठं गेलं पाहा. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिच्यावरून रोज लोक जात-येत होते, पण चोखोबांच्याच जातीची माणसं पंढरीला आली तर त्यांना टेकायला जागा नव्हती. धर्मशाळांची दारं त्यांना बंद. आषाढाच्या पावसात बायका-लेकरांना घेऊन ती उघड्यावर रात्र काढत. देवळाचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडायला साने गुरुजींचं १९४७ चं उपोषण व्हावं लागलं. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी, १९१७ च्या सुमारास, चोखोबांच्या नावानं धर्मशाळेचं काम हाती घेतलं. उघड्यावर भिजणाऱ्या माणसाशी जो बोलतो, त्याच्याजवळ बसतो, त्यालाच धर्मशाळा सुचते. दर्शन घेऊन मुक्कामाला परतणाऱ्याला ती सुचत नाही.

अशीच प्रत्येक इमारत. ऋणमोचनला पौषात जत्रा भरे, पूर्णेच्या काठच्या चिखलात यात्रेकरू घसरून पडत. बाबांनी घाटाचं काम आरंभलं. आधी एकट्याचे हात, मग जत्रेला आलेल्यांचे. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर इथं धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळाही तशीच. गावाकडून आजारी माणसाला घेऊन आलेले नातेवाईक फूटपाथवर झोपत होते, त्यांच्यासाठी ती. लाखो रुपयांची कामं उभी राहिली. देणग्या संस्थांच्या कारभाऱ्यांकडं गेल्या, बाबांच्या गाडग्यात भाकरीच राहिली. घरच्या माणसांनाही त्यांनी धर्मशाळेचा आश्रय घेऊ दिला नाही, कुंताबाई झोपडीतच राहिल्या. बाबांचं मोठेपण सांगताना त्या माउलीची झोपडी विसरता येत नाही. बाबा साऱ्या जगाचे सोयरे झाले, त्याची किंमत तिनंही मोजली.

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. एकुलता मुलगा गोविंद पिसाळलेलं कुत्रं चावून वारल्याची बातमी तिथं पोचली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. लोकांचीही रोज लेकरं जातात, त्यांच्यासाठी कुठं रडलो, अशा अर्थाचं बोलून ते पुढं सांगत राहिले. हे वाचताना आपल्या काळजाला चरा पडतो. पण वाटेवरच्या प्रत्येक घरचं दुःख ज्यानं ऐकलेलं असतं, त्याला स्वतःचं दुःख वेगळं काढता येत नसावं.

वाटेवर भेटलेल्यांत नाना तऱ्हेची माणसं होती. गो. नी. दांडेकर तरुणपणी घर सोडून हिंडत होते, ते बाबांच्या संगतीत राहिले आणि पुढं त्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनीही चरित्र लिहिलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांशी स्नेह जडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी जिव्हाळा होता, आणि १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. एक माणूस शाळा न शिकलेला, दुसरा विद्येचा डोंगर. दोघांच्या बोलण्याचा विषय मात्र एकच, गोरगरिबांच्या पोरांची शाळा. बाबांचा तो पहिला प्रश्न इथं येऊन फळाला आला.

एवढं होऊनही बाबांनी शिष्य केला नाही. पाया पडायला कुणी वाकलं तर काठी उगारत. पायावर डोकं ठेवलं की बोलणं संपतं, वरचा-खालचा होतो. बाबांना समोरासमोर बोलणारी माणसं पाहिजे होती. उतारवयात मोटारीतून फिरावं लागलं तरी गाव आलं की उतरून खराटा घेणं सुटलं नाही. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐकावं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडं जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. घरी नाही, मठात नाही, रस्त्यावर. जिथं मरण येईल तिथंच मूठमाती द्या, पुतळा-समाधी करू नका, असं ते सांगून गेले होते. लोकांच्या प्रेमानं ते काही ऐकलं नाही, अमरावतीत समाधी झाली. पुढं २०००-०१ पासून सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. शाळा न पाहिलेल्या गुराख्याचं नाव आज पदवीच्या कागदावर छापलं जातं.

हे चरित्र वाचून आपण काय घ्यायचं? शंभर वर्षांत दिंडी मोठी झाली, याचा आनंद आहे. तंबू आले, ट्रक आला, पाण्याचा टँकर आला. मुक्काम ठरलेले, पंगत ठरलेली, ओळखीची माणसं आजूबाजूला. सोय वाढली हे चांगलंच, म्हातारी माणसं त्यामुळं वारी करू शकतात. पण सोयीबरोबर एक धोका चालत येतो. घरून निघालेली माणसं पंढरीपर्यंत आपसातच बोलत जातील आणि वाटेवरचं गाव नुसतं मागं पडत राहील. पहाटे हंडा घेऊन पाणी पाजायला उभी असलेली बाई, दिंडी पुढं गेल्यावर मैदान झाडायला येणारे सफाई कामगार, तंबूच्या दोऱ्या बांधणारं पोरगं, कुठल्याच दिंडीत नाव नसलेला एकटा वारकरी, यांच्याशी बोलायला वेळ उरला नाही, तर चालणं झालं, वारी कमी झाली. आपण एकमेकांना माउली म्हणतो. तो शब्द दिंडीच्या दोरीबाहेरच्या माणसाला लागू पडतो की नाही, त्यावर पुढची शंभर वर्षं ठरतील.

बाबांची रीत अवघड नाही आणि तिला पैसा लागत नाही. मुक्काम हलायच्या आधी मैदान आपण झाडावं, म्हणजे सफाईला येणाऱ्याशी बोलायचं तोंड आपल्याला राहील. भाकरी देणाऱ्या घरी दोन मिनिटं बसावं, पीकपाणी विचारावं. पंगतीत एक पान अनोळखी माणसाचं असावं, त्याची जात विचारू नये, गाव जरूर विचारावं. तंबूवर कामाला आलेलं पोरगं शाळेच्या वयाचं असेल तर शाळा का सुटली ते विचारावं, आणि उत्तर ऐकून घेतल्यावर पुढची सोय पाहावी, कारण बाबा विचारून मोकळे होत नसत. एवढं केलं तर बाबांच्या चरित्राचं पारायण घडलं म्हणायचं.

यंदा प्रस्थानाच्या दिवशी विण्याची पूजा होईल, पताका खांद्यावर येतील, तेव्हा दिंडीच्या सामानात चार खराटे जास्तीचे बांधून घ्यावेत, अशी आमची सर्व माउलींना हात जोडून विनंती आहे.

॥ राम कृष्ण हरि ॥